ज्ञानाचा नळ

"एका महिन्यात! फक्त एका महिन्यात फान मिस्त्रींच्या डोक्यातलं सगळं ज्ञान मोबाइलमध्ये उतरवून दाखवतो! नाही उतरवलं, तर नावाचा वेई चुंग-हाओ नाही!"

सोमवारच्या सकाळच्या सभेत वेई चुंग-हाओने टेबलावर मूठ आपटून ही प्रतिज्ञा केली. मूठ चहाच्या पेल्याशेजारी पडली आणि अर्धा पेला मालकीणबाईंच्या वहीवर सांडला. शहाण्या माणसाने तिथेच शकुन ओळखला असता आणि प्रतिज्ञा परत घेतली असती. पण चुंग-हाओ युंग-छुआन नळ कारखान्याचा सहायक व्यवस्थापक होता, आणि सहायक व्यवस्थापकाला शकुन ओळखायचा पगार मिळत नाही.

मालकीणबाई म्हणजे चुआंग बाई. सासऱ्यांनी काढलेला कारखाना नवऱ्याच्या पश्चात त्यांनी एकटीने चालवला होता. त्यांनी वही झटकली आणि विचारलं, "नक्की?"

"बाई, लिहून घ्या!"

"लिहू कशावर? वही भिजवलीस ना!"

प्रकरण तसं गंभीर होतं. चंद्रोत्सवानंतर, म्हणजे पाच आठवड्यांनी, फान मिस्त्री निवृत्त होणार होते. चव्वेचाळीस वर्षं हा माणूस एकाच बाकावर बसून नळ तपासत आला होता. तोटी कानाला लावायची, डोळे मिटायचे, चावी अर्धी फिरवायची आणि निकाल द्यायचा. "हा गळेल." कधी गळेल विचारलं, तर "दोन वर्षांनी." आणि दोन वर्षांनी तो नळ खरंच गळायचा! तैवानातल्या या लुकांग गावाच्या आसपास नळांचे कारखाने मुबलक, पण असा कान दुसऱ्या कुणाकडे नव्हता. त्या कानाच्या जोरावर युंग-छुआनचा माल बाजारात टिकून होता. आणि आता तो कान घरी जाऊन नातवंडांची रडारड ऐकणार होता.

त्या कानात काय आहे हे काढून घ्यायचा प्रयत्न आधीही झाला होता. तायचुंगहून एक सल्लागार दोन दिवस येऊन बसला. त्याने एकशे वीस प्रश्न विचारले. मिस्त्रींनी एकशे वीस वेळा एकच उत्तर दिलं: "कळतं."

"पण कसं कळतं?"

"कळतं ना!"

सल्लागार तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

चुंग-हाओकडे मात्र योजना होती. त्याने त्याच दुपारी कारखान्याच्या बेचाळीस माणसांचा मोबाइलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं, 'युंग-छुआन ज्ञानाचा नळ'. पहिला मेसेज त्याने स्वतः टाकला: "मित्रहो, ज्ञान वाटल्याने वाढतं! प्रत्येकाने आपल्याला जे येतं ते इथे लिहावं. चला, सोडा नळ!"

बेचाळीस जणांनी तो वाचला. एकानेही काही लिहिलं नाही. तीन दिवस ग्रुपवर अशी शांतता होती, की बघणाऱ्याला वाटावं, मुख्य वाहिनीच फुटलीय.

चौथ्या दिवशी चुंग-हाओने जाहीर केलं, की प्रत्येक मेसेजला एक गुण, आणि महिनाअखेरीस सगळ्यात जास्त गुणवाल्याला भात शिजवायचं विजेचं नवं कोरं भांडं!

नळ सुटला. सुटला म्हणजे तोटी निखळून पडावी तसा सुटला!

पहाटे पाच वाजता पहारेकरी काकांनी कमळाचं चित्र टाकलं, त्यावर "सुप्रभात, मन शांत तर पोट शांत". सव्वापाचला दुसरं कमळ. सहा वाजेपर्यंत तळं भरलं. हिशेबनीसबाईंनी गुडघेदुखीवर आल्याचा लेप कसा लावावा ते लिहिलं. त्यावर पॅकिंगच्या दोघींमध्ये आलं किसावं की ठेचावं यावरून भांडण जुंपलं, आणि त्या भांडणाचे तेहेतीस मेसेज, म्हणजे तेहेतीस गुण, दोघींनी अर्धे-अर्धे मागितले. गोदामातल्या वूने तर हद्द केली. त्याने एकच ज्ञान साठ तुकडे करून वाटलं. "स्क्रू क्रमांक एक: उजवीकडे फिरवल्यास बसतो." "स्क्रू क्रमांक एक: डावीकडे फिरवल्यास निघतो." "स्क्रू क्रमांक दोन: वरीलप्रमाणे."

आणि फान मिस्त्री? मिस्त्रींकडे मुलीने दिलेला भारीतला मोबाइल होता. तो ते तोटीच्या आत उजेड पाडायला वापरायचे. पंधरा दिवसांत त्यांनी ग्रुपवर एकच गोष्ट टाकली: स्वतःच्या अंगठ्याचा फोटो. तोही चुकून.

शेवटी चुंग-हाओ स्वतः त्यांच्या बाकाशी गेला.

"मिस्त्री, थोडं ज्ञान द्या ना."

"घे की. तो झाडू घे आधी. पितळेचा कीस झाड."

चुंग-हाओने इस्त्रीची पँट सांभाळत कीस झाडला. मग मिस्त्रींनी त्याच्या हातात दोन नळ दिले. "ऐक. कुठला गळेल?"

चुंग-हाओने एक ऐकला, दुसरा ऐकला, पुन्हा पहिला ऐकला. दोन्हीकडून त्याला एकच आवाज येत होता, तो म्हणजे स्वतःच्या छातीचा. तरी तो ठामपणे म्हणाला, "डावा!"

"दोन्ही चांगलेत," मिस्त्री म्हणाले. "जा, चहा पी."

असं आठ दिवस झालं. महिना संपत आला. मालकीणबाई जाता-येता विचारायच्या, "काय रे वेई, कितपत उतरलं?" आणि तो मिळेल त्या दारातून सटकायचा. कारण एव्हाना बाईंनी ही प्रतिज्ञा दुकानांची साखळी चालवणाऱ्या लियाओ साहेबांच्या कानावर घातली होती. लियाओ साहेब कारखान्याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. मिस्त्री गेल्यावर माल कोण तपासणार, या काळजीने त्यांनी नव्या मॉडेलच्या चार हजार नळांची मागणी अडवून धरली होती. ज्ञान उतरलं तर मागणी. नाही उतरलं तर मागणीही गेली आणि सहायक व्यवस्थापकही!

तेव्हा चुंग-हाओच्या डोक्यात कल्पना आली. वाईट कल्पनांचं एक वैशिष्ट्य असतं, त्या येतात तेव्हा अगदी नटूनथटून येतात. मिस्त्री माणसासमोर बोलत नाहीत, पण काम करताना स्वतःशी पुटपुटतात! मग मोबाइल हत्यारांच्या फळीवर लपवायचा, थेट प्रक्षेपण ग्रुपवर सोडायचं, आणि बेचाळीस जणांनी एकदमच शिकायचं. मालकीणबाईंना दाखवायलाही पुरावा!

गुरुवारी सकाळी दहाला, मिस्त्री हात धुवायला गेले तेवढ्यात, त्याने मोबाइल पान्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. लाल बटण दाबलं. मोबाइलने विचारलं, कुठे दाखवू? चष्मा कपाळावर, मिस्त्रींची पावलं वाजायला लागलेली. चुंग-हाओने 'युंग-छुआन' एवढं वाचलं, दाबलं आणि सटकला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या मोबाइलमध्ये युंग-छुआन नावाच्या दोन जागा होत्या. एक 'युंग-छुआन ज्ञानाचा नळ', घरचा मामला. दुसरं 'युंग-छुआन नळ', म्हणजे कंपनीचं जाहीर पेज. तेही चुंग-हाओच सांभाळायचा, म्हणजे वर्षातून चारदा सुट्टीची सूचना टाकायचा. पूर्वी एकदा तिथे सोडतीत फुकट नळ वाटले होते, त्या लोभाने अकरा हजार लोक येऊन चिकटले होते ते तसेच होते.

चुंग-हाओ धापा टाकत सभेच्या खोलीत पोहोचला. मालकीणबाईंनी आपल्या मोबाइलवर आलेली सूचना उघडून चित्र भिंतीवर मोठं केलं होतं. भिंतीवर फान मिस्त्री टॉवेलने हात पुसत होते.

"वा!" बाई म्हणाल्या. "कधी नव्हे ते काम केलंस!"

चुंग-हाओची छाती फुगली.

मिस्त्री बाकावर बसले. चहाची किटली घेऊन खानावळीच्या आ-श्या मावशी आल्या. पेला भरता भरता म्हणाल्या, "काय हो मिस्त्री, ओट्यावरचा नळ ठिबकतोय माझा. सासूबाई म्हणतात, ठक-ठक आवाजाने झोप लागत नाही. नवा घेऊ का?"

आणि चमत्कार झाला! चव्वेचाळीस वर्षं "कळतं" यापलीकडे न गेलेला माणूस बोलायला लागला.

"नवा कशाला? बस इथे. किटली ठेव खाली. ठक-ठक वाजतंय, की टप-टप?"

"ठक-ठक."

"मग वायसर गेलंय. टप-टप असतं तर वायसर टेकतं ती बैठक झिजलीय म्हणालो असतो. आता बघ. ओट्याखालची चावी बंद कर. मुठीवरची टोपी उचक, आत स्क्रू. तो काढला की दांडा वर येतो. हे बघ, खाली काळं वायसर. एका अंगाने झिजलंय. फेकायचं नाही! उलटं करून बसव. दुसरं अंग कोरंच असतं."

"बघ बाई! एवढंच?"

"एवढंच. आणि कानाला लाव. चावी अर्धी फिरव. पाणी 'स्स्स' म्हणालं तर बसलं. 'स्स-स्स' असं तुटक म्हणालं, तर अजून पाव फेरा आवळ."

सभेच्या खोलीत चुंग-हाओ उडीच मारणार होता. "बाई, ऐकलंत? स्स्स आणि स्स-स्स! हेच ते! चव्वेचाळीस वर्षांचं ज्ञान!"

बाई कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होत्या. "वेई, आपल्याकडे माणसं किती?"

"बेचाळीस."

"मग हे नऊशे साठ कोण बघताहेत?"

चुंग-हाओने चष्मा डोळ्यांवर घेतला. नऊशे साठचे बाराशे झाले. "नातेवाईक असतील," तो म्हणाला. "कुटुंबवत्सल आहेत आपली माणसं."

बाराशेचे तीन हजार झाले. खाली अक्षरांचा पूर वाहत होता. 'काका, माझा टप-टप वाजतो, काय करू?' 'उलटं केलं! थांबलं! पाच वर्षांनी थांबलं!' 'आजोबांना राष्ट्राध्यक्ष करा!' 'मावशी, जरा बाजूला व्हा, पाना दिसत नाही!'

दार धाडकन उघडलं. विक्री विभागातली पेई-शान दारात उभी होती, केस विस्कटलेले. "बाई! हे आपल्या जाहीर पेजवर चाललंय! अख्खं तैवान बघतंय!"

चुंग-हाओच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीवर आ-श्या मावशी म्हणाल्या, "पण मिस्त्री, आपलं ते नवं मॉडेल दिसायला किती छान आहे हो! तेच घेते ना."

"नको!" मिस्त्रींनी पाना आपटला. "नुसता चेहरा आहे त्याला! वरून चांदी, आतलं काळीज प्लास्टिकचं. तीन वर्षांत रडेल. बाईंना तीनदा सांगितलं, पितळ घाला, पितळ घाला. पण त्यांच्या स्वतःच्या घरी कुठला नळ आहे सांगू? जुना पितळी! मी बसवलाय या हातांनी!"

मालकीणबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग अशा एका रंगाचा झाला ज्याला अजून नाव पडलेलं नाही.

"आणि तो ऑफिसातला वेई रोज येतो ना तुमच्याकडे?" मावशींनी विचारलं.

"येतो बिचारा. कोंबडीने दाणे टिपावेत तशी मान हलवतो. हात ओला न करता त्याला पोहायचंय!"

भिंतीवर पाच हजार लोक हसले.

"बंद कर ते!" बाई ओरडल्या.

चुंग-हाओ धावला. जिना, अंगण, पॉलिशचं खातं, एक हातगाडी आडवी, ती ओलांडताना पँट उसवली, तरी धावला. मिस्त्रींच्या पाठीमागून फळीवर झडप घातली आणि मोबाइल ओढून हाती येईल ते बटण दाबलं. प्रक्षेपण बंद झालं नाही. फक्त मिस्त्रींच्या जागी चुंग-हाओ दिसायला लागला, नाकपुड्यांपासून वर.

"मेलो!" तो नाकपुड्यांतून म्हणाला. "मिस्त्री, हे सगळ्यांनी ऐकलं! लियाओ साहेबांना प्लास्टिकचं कळलं तर मागणी गेली, आणि बाई मला वितळवून त्याच्या तोट्या करतील!"

खाली लोकांनी लिहिलं: 'हीच का ती कोंबडी?'

मिस्त्रींनी शांतपणे मोबाइल त्याच्या हातातून घेतला, उलटसुलट केला आणि बाकाखालच्या पाण्याच्या टाकीत सोडला.

"झालं बंद," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकापासून सोयाबीनच्या दुधाच्या टपरीपर्यंत रांग लागली होती. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत गळके नळ. कुणी चांगह्वाहून, कुणी तायचुंगहून आलं होतं, एक आजीबाई तर नळासकट अख्खं बेसिनच स्कूटरवर बांधून घेऊन आल्या होत्या. एकालाही नवा नळ विकत घ्यायचा नव्हता. सगळ्यांना जुना उलटा करून हवा होता! पहारेकरी काका कमळं सोडून रांग लावत होते.

मालकीणबाईंनी चुंग-हाओ आणि मिस्त्री दोघांनाही आत बोलावलं. चुंग-हाओ राजीनामा लिहूनच आला होता. दोन प्रती होत्या, एक भिजलीच तर असावी म्हणून.

"मिस्त्री, तुम्ही माझं नाक कापलंत," बाई म्हणाल्या.

"कुणी ऐकतंय हे मला ठाऊक नव्हतं, बाई."

"ठाऊक असतं तर?"

मिस्त्रींनी विचार केला. "तर शर्ट चांगला घातला असता. बोललो तेच असतो."

बाईंनी खिडकीतून रांगेकडे पाहिलं. त्यांचे सासरे हयात असते तर रांगेत उतरून गेले असते, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. मग फोन वाजला. लियाओ साहेब!

चुंग-हाओने डोळे मिटले. त्याला फक्त बाईंचा आवाज ऐकू येत होता. "हो... हो, प्लास्टिक... हो, पाहिलंत तुम्ही... काय? ... पितळ? ... घालू ना... किती म्हणालात?"

बाईंनी फोन ठेवला. लियाओ साहेबांच्या बायकोने काल रात्रीच वायसर उलटं केलं होतं आणि नवऱ्याला बजावलं होतं, की मिस्त्री म्हणतील तोच नळ दुकानात ठेवायचा. आतलं काळीज पितळेचं केलं तर चार नाही, सहा हजार! वर खोक्यावर मिस्त्रींचा फोटो.

"फोटो नाही," मिस्त्री म्हणाले. "मी मेल्यावर लोकांच्या ओट्याखाली पडून राहायचं? नाही जमणार."

पण निवृत्तीनंतरही दर गुरुवारी सकाळी येऊन रांगेतले नळ बघायचं त्यांनी कबूल केलं. आणि ते मोबाइलवर दाखवायलाही हरकत घेतली नाही, विचारून दाखवणार असतील तर. मोबाइल कोण धरणार? बाईंनी चुंग-हाओचा राजीनामा हातात घेतला, त्या कागदाच्या मागच्या बाजूला 'वेई धरेल' असं लिहिलं आणि परत दिला. सहायक व्यवस्थापक आता गुरुवारपुरता मोबाइलचा स्टँड झाला होता. हात हलला की मिस्त्री सगळ्या तैवानसमोर ओरडायचे, "कोंबडे, सरळ धर!"

एकदा धीर करून त्याने विचारलं, "मिस्त्री, मावशींना दोन मिनिटांत सगळं सांगितलंत. मला आठ दिवस झाडू का दिलात?"

"तुझ्या घरी नळ गळत होता?"

"नाही."

"मग तुला कशाला हवं होतं? तुला नळ नको होता, तुला ग्रुप भरायचा होता."

चुंग-हाओने मोबाइल सरळ धरला. भाताचं ते विजेचं भांडं गोदामातल्या वूला मिळालं. त्याने ते कसं चालू करावं याचे एकोणीस मेसेज टाकले.

हिवाळ्यात उद्योजकांच्या संघटनेचं पत्र आलं. कामाच्या ठिकाणी ज्ञानवाटप करण्यात युंग-छुआनने सगळ्या जिल्ह्यात आदर्श घालून दिल्याबद्दल मानपत्र, आणि त्याचे शिल्पकार श्री. वेई चुंग-हाओ यांचं व्याख्यान! चुंग-हाओने नवा टाय घेतला. सभागृहात दोनशे व्यवस्थापक वह्या उघडून बसले होते. त्याने तयार केलेलं भाषण समोर धरलं. त्यात 'दूरदृष्टी' हा शब्द सात वेळा होता. समोर दुसऱ्या रांगेत चुआंग बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून त्याला दूरदृष्टी दिसेनाशी झाली.

त्याने कागद खाली ठेवला. "मंडळी," तो म्हणाला, "खरं सांगू? आमची काहीही योजना नव्हती. माझ्या हातून चुकून भलतंच बटण दाबलं गेलं."

चुंग-हाओ मान खाली घालून हशाची वाट पाहत राहिला. हशा आला नाही. आला तो दोनशे पेनांचा एकदम खरखर आवाज. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर दोनदा अधोरेखित केलं: 'पायरी पहिली: चुकून भलतंच बटण दाबणे.'

मग त्यांनी चष्मा सरळ केला, अदबीने हात वर केला आणि विचारलं, "वेई साहेब, नेमकं कुठलं बटण?"